मोडीत निघणारा इतिहास

दसरा उलटला की आपल्या घरोघरी एक लढाई सुरू होते. ती तलवारीने होत नाही, केरसुणीने होते. माळ्यावरची सगळी अडगळ खाली येते. कडी तुटलेले डबे, कुठल्या तरी पणजोबांचा अडकित्ता, चिरलेली समई, काच फुटलेला कंदील, सारे अंगणात मांडले जाते. गृहिणी म्हणते, "हे मोडीत घाला." गृहस्थ म्हणतो, "राहू दे, वडिलांची आठवण आहे." दोघांचेही खरे असते. घरात जागा हवी हे जितके खरे, तितकेच एकदा मोडीत गेलेले भांडे परत येत नाही हेही खरे. बहुधा वस्तू पुन्हा माळ्यावर जाते आणि वाद पुढच्या दिवाळीवर ढकलला जातो.

राज्यांच्या घरातही अशी साफसफाई अधूनमधून निघते. फरक इतकाच, की तिथल्या माळ्यावर समईच्या जागी तोफ असते.

१८५४ साली असाच एक हुकूम साताऱ्याहून विजापूरला गेला. सातारचे राज्य खालसा होऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती आणि विजापूरचा कारभार साताऱ्याच्या कमिशनराकडे होता. पडून राहिलेले निरुपयोगी सरकारी सामान विकून टाका, असा तो हुकूम. विजापुरात असे सामान कोणते? बुरुजावर पडलेली 'मलिक-ए-मैदान'! १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, परांड्याच्या किल्ल्यातून १६३२ साली विजापुरी आणलेली, सुमारे पंचावन्न टन वजनाची, हत्तीला जबड्यात धरलेल्या सिंहाचे तोंड असलेली ती प्रचंड तोफ. हुकुमाप्रमाणे लिलाव पुकारला गेला. सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची. ही रक्कम फारच थोडी आणि लोकांच्या मनात या तोफेविषयी मोठी आस्था, हे पाहून तिथल्या अधिकाऱ्याने वर कळवले आणि विक्री रद्द झाली. म्हणून आज विजापूरला जाणाऱ्या प्रत्येक सहलीतली मुले त्या तोफेवर हात फिरवून येतात. बोली दीडशेऐवजी दीड हजारांची आली असती तर काय झाले असते, याचा विचार मी वर्गात शिकवताना अनेकदा करतो. त्या धातूची भांडी झाली असती आणि आपण पुस्तकात वाचले असते की अशी एक तोफ होती म्हणतात.

मी काही कायदेपंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर, आणि फावल्या वेळचा कादंबरीकार. परंतु हत्यार केव्हा हत्यार राहत नाही आणि इतिहास होते, हे ठरवायचे कोणी, हा प्रश्न मला फार दिवस छळतो आहे. या प्रश्नावरून आपल्या काळात सातासमुद्रापलीकडे एक मोठा झगडा झाला. त्यात एका बाजूला सरकारे होती आणि दुसऱ्या बाजूला जुन्या लष्करी गाड्यांच्या नादी लागलेली हौशी माणसे. ती हकिकत सांगावी म्हणून हा लेख.

मोटारीचा नाद आपल्याला ठाऊक आहे; पण रणगाड्याचा नाद कसा लागतो, हे आधी सांगायला हवे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे ६,४०,००० जीपगाड्या बनवल्या. १९४० साली बॅन्टम नावाच्या एका लहानशा कारखान्याने अवघ्या सात आठवड्यांत पहिला नमुना तयार करून दिला. मग विलिस आणि फोर्ड या दोन मोठ्या कारखान्यांनी गाड्यांचा पाऊस पाडला. युद्ध संपले आणि या साऱ्या गाड्या, ट्रक, चिलखती गाड्या, रणगाडे यांचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. सरकारांनी तो सोपा केला. जे वितळवता आले ते वितळवले, जे विकता आले ते लिलावात विकले. आपल्याकडेही 'डिस्पोजलचा माल' हा शब्द त्याच काळात रूढ झाला. मुंबईत महिंद्रांनी १९४७ साली विलिसच्या जीपगाड्यांची जुळणी सुरू केली आणि लष्करातली ती गाडी आपल्या घाटांत, जंगलखात्यात, साखर कारखान्यांच्या वाटांवर अशी रुळली, की ती परदेशी आहे हे लोक विसरून गेले.

पाश्चात्त्य देशांत लिलावाचा हा माल प्रथम शेतकऱ्यांनी, लाकूडतोड्यांनी, गॅरेजवाल्यांनी घेतला. वीस-पंचवीस वर्षे त्याच्याकडून काम करून घेतले. मग त्यातल्याच काहींना वाटू लागले की आपल्या गोठ्यात उभी असलेली ही गाडी म्हणजे साधे वाहन नव्हे. वडिलांनी हीच युद्धात हाकली होती. त्यांनी गंज खरवडला, मूळ रंग शोधून काढला, सुटे भाग धुंडाळले. १९६८ साली इंग्लंडात आणि १९७६ साली अमेरिकेत अशा माणसांच्या संस्था निघाल्या. अमेरिकेतल्या संस्थेने २००९ साली एक सुरेख उपक्रम केला. १९१९ साली अमेरिकन सैन्याचा एक मोटार तांडा वॉशिंग्टनहून निघून चिखल तुडवीत, पूल मोडीत, बासष्ट दिवसांनी सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचला होता. त्यात आयसेनहॉवर नावाचा एक तरुण अधिकारी होता. पुढे तोच राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९५६ साली त्याने देशभर महामार्ग बांधण्याचा कायदा केला. नव्वद वर्षांनी या हौशी लोकांनी आपल्या जुन्या गाड्या काढून तोच प्रवास पुन्हा केला. ज्या गावांवरून तो तांडा गेला असेल तिथल्या शाळामास्तरांचा मला हेवा वाटतो. इतिहासाचा एवढा मोठा धडा त्यांना फळ्यावर लिहावा लागला नसेल.

अशा मंडळींवर २००१ साली संकट आले. संरक्षण खर्चाला मंजुरी देणारे जे विधेयक अमेरिकेत दरवर्षी येते, त्याच्या सिनेटमधल्या मसुद्यात कलम १०६२ म्हणून एक मजकूर होता. एके काळी संरक्षण खात्याच्या मालकीची असलेली 'महत्त्वाची लष्करी सामग्री' आज कोणाच्याही ताब्यात असो, ती निकामी करायला लावण्याचा किंवा निकामी करण्यासाठी परत मागून घेण्याचा अधिकार संरक्षणमंत्र्यांना द्यावा, असा त्याचा आशय. वाचायला किती साधे! पण या 'महत्त्वाच्या लष्करी सामग्री'ची यादी मोठी होती. तीत रणगाडे होते, चिलखती गाड्या होत्या, लढाऊ विमाने होती, बंदुका होत्या. आणि निकामी करणे म्हणजे नळीत बूच मारणे नव्हे. गॅसच्या ज्योतीने कापणे, चिरडणे, पुन्हा कधी उभे राहणार नाही असे करणे.

वेळही कशी होती पाहा. ११ सप्टेंबरचा हल्ला नुकताच होऊन गेला होता. सिनेटने विधेयक मंजूर केले ते २ ऑक्टोबरला. साऱ्या देशाच्या उरात धडकी भरलेली. अशा वेळी सुरक्षेच्या नावाने जे मागावे ते मिळते. तेव्हा आमच्या जुन्या गाड्या वाचवा म्हणून उभे राहणे म्हणजे घराला आग लागली असता तुळशीवृंदावनाची काळजी करण्यासारखे दिसले असते. तरीही ही माणसे उभी राहिली. गाड्यांचे शौकीन, जुन्या लढाऊ विमानांचे शौकीन आणि जुन्या बंदुका जपणारे, जे एरवी एकमेकांकडे फारसे फिरकत नाहीत, ते या एका कलमापायी एक झाले. त्यांनी आपापल्या प्रतिनिधींना गाठले आणि आपले गाऱ्हाणे त्यांच्यापुढे मांडले.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. हा माल आम्ही चोरला नाही. सरकारनेच लिलाव पुकारून, पैसे मोजून घेऊन विकला. विकलेली वस्तू पन्नास वर्षांनी कापून टाका म्हणणे हा कुठला न्याय? दुसरे, आमच्या रणगाड्याची तोफ चालती ठेवायची तर १९३४ आणि १९६८ चे कायदे आधीच आहेत. त्यांप्रमाणे नोंद करावी लागते, कर भरावा लागतो. मग नव्या कुऱ्हाडीची गरज काय? आणि तिसरे, या संग्रहालयांत, चित्रपटांत, स्मृतिदिनाच्या मिरवणुकांत तुम्ही जे पाहता, त्यातले पुष्कळसे आमच्याच गोठ्यांतून आलेले आहे. ते कापलेत तर दाखवाल काय?

शेवटी दोन्ही सभागृहांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून अंतिम मसुदा ठरवला, तेव्हा कलम १०६२ त्यातून वगळले गेले. २८ डिसेंबर २००१ रोजी विधेयकावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली, ती त्या कलमावाचून. हौशी माणसांनी सरकारला मागे घेतले, अशी उदाहरणे जगात फार नाहीत.

येथे वाचक म्हणतील, मास्तर, तुम्ही एकाच बाजूचे वकीलपत्र घेतलेत. सरकारची भीती काय अगदीच पोकळ होती? नव्हती. तेही सांगितले पाहिजे.

१९७९ च्या क्रांतीपूर्वी इराणच्या शहाने अमेरिकेकडून एफ-१४ जातीची ७९ लढाऊ विमाने घेतली होती. पुढे दोन्ही देशांचे वैर झाले, पण विमाने इराणकडेच राहिली आणि त्यांचे सुटे भाग मिळवण्याची त्याची धडपडही चालू राहिली. अमेरिकेच्या आरमाराने २००६ साली ही विमाने सेवेतून काढली. त्यांचे भाग लिलावातून हातोहात फिरत इराणला पोहोचतील, या भीतीने २००७ साली ती विक्री थांबवण्यात आली आणि जुनी विमाने यंत्रात घालून चिरडून टाकण्यात आली. ही भीती खोटी म्हणता येणार नाही. शत्रूच्या दारात तेच विमान उभे असताना त्याचा पंख बाजारात मांडणे हा शहाणपणा नव्हे.

पण म्हणून १९४२ च्या जीपला आणि एफ-१४ विमानाला एकाच फूटपट्टीने मोजायचे काय? १७ मे १९९५ रोजी सॅन डिएगो शहरात एका माणसाने रणगाडा चोरून रस्त्यावर आणला आणि सुमारे वीस-तेवीस मिनिटे उभ्या गाड्या, दिव्यांचे खांब यांचा चुराडा केला. पोलिसांनी अखेर त्याला गोळी घालून थांबवले. कोणाही विचारी माणसाच्या पोटात गोळा यावा अशीच ती घटना. पण तो रणगाडा कोणा शौकिनाच्या गोठ्यातला नव्हता. सरकारच्याच नॅशनल गार्डच्या आगारातला होता. धोका वस्तूत किती असतो आणि राखणीत किती असतो, याचा हिशेब कायदा करणाऱ्याने आधी मांडावा, एवढेच मला सुचवायचे आहे.

याहून बिकट प्रसंग जर्मनीत उभा राहिला. तिथे युद्धशस्त्रांवर नियंत्रण ठेवणारा कायदा १९६१ चा. ज्या देशाने दोन महायुद्धांची राख पाहिली, त्याने याबाबत कडक असावे हे साहजिकच. कील शहराजवळ हायकेनडॉर्फ नावाच्या गावी एका वृद्ध गृहस्थाच्या बंगल्याच्या तळघरात चक्क 'पॅन्थर' जातीचा रणगाडा होता! शेजाऱ्यापाजाऱ्यांना तो नवा नव्हता. १९७८ च्या हिवाळ्यात बर्फाने वाटा बुजल्या, तेव्हा याच रणगाड्याने गावातले बर्फ हटवले होते, असे गावकरी सांगत. जुलै २०१५ मध्ये अधिकारी आले, सैन्याची माणसे आली आणि वीसएक सैनिकांनी जवळजवळ नऊ तास खपून ते धूड तळघरातून बाहेर काढले. सोबत एक विमानविरोधी तोफ, एक पाणतीर आणि इतर शस्त्रे व दारूगोळाही निघाला. खटला वर्षानुवर्षे चालला. रणगाडा आता हत्यार उरलाच नाही, असा बचाव होता. तो अजूनही हत्यार आहे, असे सरकारी पक्षाचे म्हणणे. ऑगस्ट २०२१ मध्ये निकाल लागला, तेव्हा मालक ८४ वर्षांचे होते. चौदा महिन्यांची स्थगित शिक्षा, अडीच लाख युरोंचा दंड, आणि रणगाडा व तोफ दोन वर्षांत संग्रहालयाला किंवा रीतसर संग्राहकाला विकाव्या वा द्याव्या, असा आदेश.

या निकालात मला एक शहाणपण दिसते. तळघरातला दारूगोळा हा काही इतिहास नव्हे; तो शेजाऱ्याच्या भिंतीखाली ठेवण्याची मुभा कोणालाही नसावी. परंतु न्यायालयाने रणगाडा कापून टाका असे म्हटले नाही. योग्य हाती द्या, असे म्हटले. मालक बदलला, वस्तू वाचली.

वस्तू वाचण्याला मी एवढे महत्त्व का देतो? कारण सरकारे स्वतःच्या वस्तूही फारशा सांभाळत नाहीत. जर्मनीने पहिल्या महायुद्धात 'ए-७-व्ही' नावाचे आपले पहिले रणगाडे बनवले, सारे मिळून वीस. त्यांतला एकही जर्मनीत उरला नाही. जगात जो एकमेव उरला, तो ऑस्ट्रेलियन सैनिकांनी १९१८ साली रणांगणावरून ओढून नेला, म्हणून आज ब्रिस्बेनच्या संग्रहालयात उभा आहे. जर्मन मुलाला आपल्या देशाचा खराखुरा पहिला रणगाडा पाहायचा तर पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जावे लागते!

आणि हौशी माणूस काय करू शकतो, याचे उदाहरण फ्रान्समधले आहे. २० नोव्हेंबर १९१७ रोजी काँब्रेच्या लढाईत इंग्रजांनी चारशेहून अधिक रणगाडे एकदम पुढे लोटले. त्याच लढाईत पुढे आपल्या घोडदळाचे शिपाईही होते; लान्स दफादार गोविंदसिंग यांना तिथल्याच पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या रणगाड्यांतला 'डेबोरा' नावाचा एक फ्लेस्किएर गावात शिरला आणि तिथेच तोफगोळ्यांनी फुटला. आतल्या आठ जणांपैकी पाच मेले. पुढे तो गाडा जमिनीत पुरला गेला आणि विसरला गेला. फिलिप गोर्चिन्स्की नावाचा काँब्रेचा एक हॉटेलवाला मात्र त्याच्या मागे लागला. लहानपणी तो गाडा खड्ड्यात ढकलताना पाहिलेली एक म्हातारी त्याला भेटली. त्याने सहा वर्षे शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये डेबोरा मातीतून वर आली. एक कड पार उडालेली, पोलाद कागदासारखे फाटलेले. २०१७ साली तिच्यासाठी संग्रहालय उघडले, ते ज्या स्मशानभूमीत तिची माणसे पुरली आहेत तिच्या शेजारीच.

पहिले महायुद्ध शिकवताना रणगाड्याचे वर्णन मी पुष्कळदा केले आहे. वेग, वजन, वर्ष, सारे सांगतो. मुले उतरवून घेतात. पण आठ माणसे त्या पेटीत कशी बसली असतील, हे शब्दांनी कळत नाही. ते फाटलेले पोलाद पाहिल्यावर युद्धाची हौस वाटेल असे मूल मला तरी ठाऊक नाही. लढाईची यंत्रे जपली म्हणजे लढाईची पूजा होते, असे म्हणणाऱ्यांना माझे एवढेच उत्तर आहे.

मग कायदा कसा असावा? याचाही एक चांगला धडा फ्रान्सनेच दिला. तिथे १९३९ च्या जुन्या फर्मानाप्रमाणे युद्धसाहित्याची बंधने फार करडी होती. संग्राहकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. ६ मार्च २०१२ च्या कायद्याने 'संग्राहक' या माणसाला स्वतंत्र ओळख दिली. १ जानेवारी १९४६ च्या आधीच्या नमुन्याचे युद्धसाहित्य, त्यावरचे शस्त्र कायमचे निकामी केलेले असेल तर, पुढच्या नियमांनी मोकळ्या वर्गात घातले. म्हणजे तारीख ठरली, अट ठरली, जबाबदार माणूस ठरला. नळी बंद करा, गाडी राहू द्या. इतके साधे सूत्र सापडायला सत्तर वर्षे लागली.

आपल्याकडे या बाबतीत काही शहाणपण आधीपासून आहे, हे सांगताना मला आनंद वाटतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातले ४५ वे कलम सांगते की कालबाह्य घडणीचे किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेले, आणि दुरुस्त करूनही चालणार नाही असे हत्यार या कायद्याच्या जाचात येत नाही. जुन्या वाहनांबाबतही २०२१ साली केंद्र सरकारने नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूप राखलेली दुचाकी वा मोटार 'व्हीए' अक्षरांच्या खास क्रमांकाखाली नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार. रोजच्या धंद्याला ती वापरता येत नाही. प्रदर्शनाला आणि फेरीला नेता येते. जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण ज्या वर्षी आले, त्याच वर्षी हा दरवाजा उघडा ठेवला गेला. युद्धातून आलेली एखादी जीप कोणा शौकिनाच्या पडवीत उभी असेल, तर तिला आता भंगारवाल्याच्या काट्याखेरीज दुसरीही वाट आहे.

वीस हजार रुपये ही रक्कम सामान्य माणसाला जड आहे, हे मी जाणतो. खेड्यातल्या गॅरेजवाल्याने बापाची जीप जपली असेल, तर त्याला हा आकडा परवडणार नाही. ज्यांनी अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये कायदे बदलायला लावले, तेही बहुतेक असलेच साधे लोक होते. ते एकत्र आले, सभ्यपणे बोलले आणि चिकटून राहिले. आपल्याकडच्या हौशी मंडळींनीही ते करायला हरकत नाही.

आणि ज्यांच्या पडवीत जीप नाही, अशा आपल्यासारख्यांच्या माळ्यावरही काही असतेच. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, म्हणून लोक त्याला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. महाराष्ट्रात अशा घरांना तोटा नाही. त्या युद्धाचे पदक चांदीचे होते. अडल्या वेळी सोनाराकडे मोडीत घालायला चांदी तेवढी उपयोगी पडते, आणि गरजेपोटी कोणी ती घातली असेल तर त्याला बोल लावण्याचा अधिकार कोणाला नाही. पण गरज नसताना, केवळ केरसुणी हाती आहे म्हणून, तसे होऊ नये. या दिवाळीत माळ्यावरून एखादे काळे पडलेले पदक, गंजलेला टोप किंवा पणजोबांचे फौजेतले पत्र खाली आले, तर ते कोणाचे, कुठून आले, हे घरातल्या थोरांना आधी विचारा. त्यांनी सांगितलेले कागदावर उतरवून वस्तूबरोबर ठेवा. आणि मग ती पुन्हा माळ्यावर गेली तरी चालेल.